गवती चहाचे गारीगार पांढरे का पडते?

वाचक भगिनीचे पत्र : आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि चार व नऊ वर्षांची दोन मुले आहेत. मे महिन्यात नणंदबाई त्यांच्या अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी येतात. मुले रोज दुपारी गाडीवरच्या रंगीत गारीगारसाठी हट्ट धरतात, म्हणून यंदा मी कुंडीतला गवती चहा, पुदिना आणि तुळस उकळून, गाळून, थोडी साखर घालून साच्यांत गोठवले. ते दगडासारखे कडक झाले आणि मुलांनी दोन-तीनदा चोखताच चव निघून जाऊन हातात नुसता पांढरा बर्फ उरला. सासूबाई म्हणतात की याने मुलांचा घसा धरेल. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, पण त्यांनाही असे काही गार हवे असते. शिवाय मोबाइलवर एक मजकूर आला आहे की वाळा आणि ज्येष्ठमधाचे गारीगार रोज खाल्ले तर ऊन लागत नाही. हे खरे आहे का, आणि गारीगार नीट कसे करावे?

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, दुपारी दोन वाजता रस्ते ओस पडतात आणि अशा वेळी गाडीवाल्याची घंटा वाजली की मुले दाराकडे धावणारच. त्यांचा हट्ट मोडण्यापेक्षा तो घरात पुरवावा असे आपल्याला वाटले, हे मला मनापासून आवडले. पहिली खेप फसली म्हणून हा बेत सोडू नये, कारण आपले साहित्य उत्तम आहे. काढा पातळ राहिला, साखर कमी पडली आणि गोठण्याला फार वेळ लागला, एवढेच झाले आहे.

गारीगार पांढरे का पडते ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. गोड पाणी गोठू लागते तेव्हा आधी त्यातले निव्वळ पाणी गोठते. साच्याच्या कडेपासून बर्फाचे स्फटिक आत वाढत जातात आणि साखर, रंग व सुगंध यांना न गोठलेल्या पाण्यात मागे ढकलत नेतात. शेवटी हा दाट, गोड अंश स्फटिकांच्या फटींत आणि मधोमध अडकतो. आपण चोखतो तेव्हा तो आधी ओढला जातो आणि स्फटिकांचा सांगाडा तेवढा उरतो. गोठणे जितके संथ, तितके स्फटिक मोठे आणि फटी रुंद. मागच्या एप्रिलमध्ये मी एकच काढा स्टीलच्या पातळ पेल्यात आणि जाड प्लॅस्टिकच्या साच्यात ओतून शेजारी शेजारी ठेवला होता. सकाळी पेल्यातले गारीगार उजेडात धरले तर ते कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे दुधट पिवळे दिसले, आणि साच्यातल्याच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होऊन सगळा पिवळेपणा मधल्या दोरीएवढ्या पट्ट्यात गोळा झाला होता. आपल्या मुलांनी चोखून संपवला तो हाच पट्टा.

यावरचा पहिला उपाय म्हणजे काढा आपण पितो त्याच्या दुप्पट कडक करणे. थंडगार पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते आणि वासही मंदावतो, म्हणून कोमट असताना जो काढा ‘जरा जास्तच झाला’ असे वाटते तोच गोठल्यावर बेताचा लागतो. एक लिटर पाण्याला गवती चहाची पंधरा-वीस लांब पाती घ्यावीत, ती धुऊन त्यांची सैल गाठ मारावी आणि वरवंट्याने किंवा लाटण्याने हलकेच चेचावीत. पातीची कड धारदार असते आणि तिचे तंतू गाळण्यातून निसटतात, म्हणून बारीक कातरण्यापेक्षा गाठ मारणे बरे. अंगठ्याएवढे आले ठेचून पाण्यासोबतच उकळायला टाकावे. पाणी खळखळून उकळल्यानंतर गवती चहा घालावा, दोन मिनिटांनी आच बंद करावी आणि लगेच झाकण ठेवून पंधरा मिनिटे पातेल्याला हात लावू नये. या पातीचा सुगंध वाफेबरोबर उडणारा असतो. उघड्या पातेल्यात उकळत ठेवलेला काढा घरभर दरवळतो खरा, पण जेवढे घरात दरवळले तेवढे काढ्यातून गेले. झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच निथळू द्यावेत. बोटावर घेऊन पाहिलेत तर त्या थेंबांना पातेल्यातल्या पाण्याइतकाच, कधी त्याहून जास्त वास असतो.

पुदिना आणि तुळस आपण गवती चहाबरोबर उकळलीत, तिथेही थोडे बिघडले. पुदिना उकळला की काळवंडतो आणि त्याला शिजलेल्या पाल्याची चव येते. तुळस फार वेळ उकळली तर तिचा लवंगेसारखा तिखट-कडवट अंश पुढे येतो. दोन्ही पाने आच बंद केल्यावरच घालावीत. पुदिन्याची पंचवीस-तीस पाने चालतील, तुळशीची सात-आठ पुरेत, आणि माझे मत विचाराल तर दोन्ही एका भांड्यात आणूच नयेत, कारण ते एकमेकांचा वास मारतात. याउलट धने, जिरे, बडीशेप यांसारख्या बियांचा अर्क नुसत्या गरम पाण्यात नीट उतरत नाही. त्या भरड कुटून चार-पाच मिनिटे उकळाव्या लागतात.

आता साखर. ‘थोडी साखर’ घालण्यामागचा आपला हेतू चांगला होता, पण गारीगारमध्ये साखर गोडीपुरती नसते. ती पाण्याचा काही भाग गोठू देत नाही आणि त्यामुळेच दात बसेल इतका मऊपणा येतो. एक लिटर काढ्याला १२० ग्रॅम साखर हे माझे नेहमीचे माप आहे. त्यात ८० मिलिलिटरची सुमारे तेरा गारीगार होतात आणि एकात साधारण नऊ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम २५ ग्रॅम आणि लहान मुलांना त्याहूनही कमी. म्हणून मुलाला दिवसाला एक गारीगार आणि त्या दिवशी दुसरे सरबत किंवा गोड बिस्किटे नाहीत, असा नियम ठेवावा. गूळ किंवा मध घातल्याने हा हिशेब बदलत नाही. गुळाची चव मला आले-गवती चहात फार आवडते, पण तो साखरेइतकाच मोजून घालावा.

साखर याहून कमी ठेवायची असेल तर फळाचा गर किंवा रस घालावा. त्याच्या अंगभूत दाटपणाने स्फटिक बारीक राहतात आणि आपल्याकडे तर डाळिंब घरचेच म्हणायचे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच शहराबाहेर केगावला आहे. हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोरा धरलेली, फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी मंडईत असतात. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नयेत, कारण बिया फुटून रस कडवट होतो. ते स्वच्छ फडक्यात घालून हाताने पिळावेत. तीन वाट्या काढा, एक वाटी डाळिंबाचा रस आणि साखर वर दिलेल्या मापाच्या निम्मी. हे गारीगार पांढरे पडले तरी शेवटच्या घासापर्यंत चव टिकवते. मात्र फळाचा रसही साखरेच्या हिशेबात धरावाच लागतो.

लिंबू पिळायचे असेल तर काढा पूर्ण निवल्यावरच पिळावे, गरम काढ्यात त्याची चव बिघडते. घरच्या झाडाची लाल जास्वंद असेल तर चार-पाच फुलांच्या पाकळ्या गरम काढ्यात टाकून पाहाव्यात. पाणी आधी मळकट जांभळे दिसते आणि लिंबाचे थेंब पडताच डोळ्यांदेखत लालभडक होते. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला हे काम हौसेने करू द्यावे. गाडीवरच्या रंगाला घरात उत्तर मिळते ते इथेच. पण देवपूजेसाठी बाजारातून आणलेली फुले, मग ती जास्वंदीची असोत की गुलाबाची, खाण्यात वापरू नयेत, कारण त्यांवर कोणती औषधे फवारली आहेत हे आपल्याला कळत नाही.

गोठवण्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, तरीही मी सविस्तर लिहिते, कारण चांगला काढाही इथे बिघडतो. गाळलेला काढा आधी दोन तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गार करावा आणि मगच साच्यांत ओतावा. कोमट काढा बर्फाच्या कप्प्यात ठेवला की तो स्वतः हळू गोठतो आणि शेजारच्या वस्तूही विरघळवतो. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या भिंतींवर दोन बोटे हिम साचले असेल तर आदल्या दिवशी ते काढून टाकावे. ते पांघरुणासारखे काम करते आणि गारवा आतल्या भांड्यांपर्यंत पोचू देत नाही. साचे कप्प्याच्या तळाला टेकतील असे ठेवावेत. साचे नसतील तर स्टीलचे लहान पेले किंवा उभट वाट्या चालतात, किंबहुना मला त्याच अधिक पसंत आहेत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून वर बोटभर जागा सोडावी. तासा-दीड तासाने कडा धरू लागल्या की मधोमध काडी उभी करावी, ती आपोआप सरळ राहते. हे सगळे रात्री जेवणे आटोपल्यावर करावे. रात्री फ्रिजचे दार कोणी उघडत नाही आणि सकाळपर्यंत, म्हणजे आठ-दहा तासांत, गारीगार पक्के होते. दुपारी वीज गेली आणि ते अर्धे विरघळून पुन्हा गोठले तर ते खरखरीत होते व गोडी तळाला बसते. पूर्ण विरघळलेले पुन्हा गोठवू नये. ते त्याच वेळी सरबत म्हणून पिऊन टाकावे.

पेल्यातून गारीगार सोडवताना पेला दोन्ही तळहातांत धरून गोल फिरवावा, अर्ध्या मिनिटात ते सुटते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात हाताला चटका देईल इतके तापलेले असते, ते पेल्यावर ओतण्याचा मोह होतो. पण ते पाणी गारीगारवर उडू नये म्हणून मी हा मार्ग घेत नाही.

आणि पाण्याबद्दल मी आग्रहाने सांगते. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार दिवसांचे पाणी पिंपात आणि टाकीत साठवावे लागते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडतात आणि बर्फ विरघळला की पुन्हा सक्रिय होतात. म्हणून काढ्याचे सगळे पाणी खळखळून उकळलेलेच असावे, आणि नंतर दाटपणा कमी करण्यासाठी वरून घातलेले अर्धे भांडे पाणीसुद्धा उकळून गार केलेलेच असावे. इथे न उकळलेले पाणी घालण्याची चूक हमखास होते. पुदिना धुताना आधी नळाखाली माती घालवावी आणि मग एकदा उकळून गार केलेल्या पाण्यातून काढावा. गाडीवरच्या गारीगारविषयी माझी खरी भीती रंगापेक्षा पाण्याचीच आहे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे, हे मुलांनाही सांगून ठेवावे, म्हणजे गोळेवाल्याच्या लादीकडे ती नीट पाहतील.

सासूबाईंचे म्हणणे उडवून लावू नये. सर्दी आणि घशाचे बहुतेक संसर्ग विषाणूंमुळे होतात, बर्फ खाल्ल्याने होत नाहीत. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर स्वतःच मुलांना गार पदार्थ देतात. तरीही उन्हातून घामाघूम आलेल्या मुलाने लगेच बर्फाचा लचका तोडला की कपाळात कळ येते, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला खोकल्याची उबळ येऊ शकते, इतके त्यांचे खरे आहे. आधी दहा मिनिटे सावलीत बसणे, मग माठातले पाणी आणि त्यानंतर गारीगार, हा क्रम त्यांनाच ठरवू द्यावा आणि वाटपही त्यांच्याच हाती द्यावे. त्यांच्यासाठी एक वेगळा प्रकार सुचवते. अर्धा लिटर दुधात गवती चहाची गाठ टाकून ते निम्म्यावर आटवावे, साखर आणि वेलदोडा घालावा आणि लहान वाट्यांत गोठवावे. त्यात गूळ किंवा कच्च्या आल्याचा रस घालू नये, दूध फाटते. आपल्या माहेरची कुल्फी खाल्लेली बाई याला नाही म्हणणार नाही.

सासऱ्यांसाठी बिनसाखरेचे गारीगार दगडासारखेच होणार, म्हणून त्यांना काडीवरचे देऊच नये. पुदिना, भाजलेले जिरे आणि लिंबू यांचा बिनसाखरेचा काढा पसरट डब्यात ओतून ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडावा. तीन-चार वेळा खरवडले की भुसभुशीत बर्फ होतो, तो चमच्याने खाता येतो. त्याच काढ्याचे खडे करून ताकात टाकले तर तेही दुपारचे छान पेय होते. रक्तदाबामुळे मीठ आणि सैंधव बेतानेच ठेवावे. ज्येष्ठमध मात्र त्यांना अजिबात देऊ नये. त्यातल्या ग्लिसिरायझिन या घटकामुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. हे नेहमी घेतले तर घातक ठरू शकते आणि औषधांच्या परिणामातही अडथळा येतो. ‘हर्बल’ लिहिलेली तयार पाकिटे वापरणार असाल तर घटकांची यादी वाचावी. त्यात ग्रीन टी असेल तर कॅफिनही असते, आणि ते चार वर्षांच्या मुलाच्या गारीगारमध्ये नको.

नणंदबाईंच्या बाळाला यातले काहीच देऊ नये, कोणी कितीही कौतुकाने ओठांना लावायला सांगितले तरी. मध एक वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत वरची साखरही टाळावी. मोठ्या मुलांच्या गारीगारमध्ये सब्जा घालणार असाल तर तो पूर्ण फुगल्यावरच घालावा आणि धाकट्याने काडी तोंडात धरून पळू नये, यावर कोणाचे तरी लक्ष असावे.

आता तो मोबाइलवरचा मजकूर. तो खरा नाही, आणि आपण तो पुढे पाठवला नसेल अशी मी आशा करते. वाळा सुगंधी आहे आणि त्याचे गारीगार रुचकर होते. काष्ठौषधीच्या दुकानातून जुडी आणून, माती जाईपर्यंत चार-पाच पाण्यांनी धुऊन, उकळत्या पाण्यात रात्रभर झाकून ठेवली की झाले. पण एका गारीगारमध्ये अर्धा पेलाही पाणी नसते. सोलापूरच्या उन्हात घामावाटे जे पाणी आणि क्षार जातात ते त्याने भरून निघत नाहीत. त्यासाठी दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी आणि जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसच हवे. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच ते कालवावे आणि त्याला चव यावी म्हणून त्यात काढा मिसळू नये. कोणाला उन्हातून आल्यावर अंग भाजत असेल, १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास ताप असेल, ती व्यक्ती असंबद्ध बोलत असेल किंवा ग्लानीत जात असेल, तर तो उष्माघात समजावा. तिला सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारत वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात गारीगार, पाणी किंवा दुसरे काहीही घालू नये.

पुढची खेप लहानच करावी. फक्त गवती चहा, आले आणि लिंबू, अर्धा लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर आणि सहा पेले. सकाळी एक पेला सोडवून खिडकीच्या उजेडात धरावा. रंग कडेपर्यंत एकसारखा दिसला तर तेच माप धरून नणंदबाई येण्याच्या आदल्या रात्री दुप्पट काढा करावा. कडा अजून काचेसारख्या दिसल्या तर साखर तशीच ठेवून काढा आणखी कडक करावा आणि साचे बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी सरकवावेत. तयार गारीगार झाकणाच्या डब्यात ठेवावीत, नाहीतर फ्रिजमधल्या लसणाच्या चटणीचा वास त्यांना लागतो. आठवडाभरात ती संपवावीत.

आपली,
सल्लागार